सात नंबरच्या पिंजऱ्यातली मादी

सात नंबरच्या पिंजऱ्यातली मादी बदललेली आहे, हे मला तिच्या कानावरून कळलं. आमच्याकडे प्रत्येक उंदराच्या कानाला बारीक भोक पाडतात. कुठल्या कानाला, कुठल्या जागी आणि किती, यावरून त्याचा नंबर ठरतो. सातच्या मादीच्या डाव्या कानाला दोन भोकं होती. वजन करायला मी जिला बाहेर काढलं, तिच्या उजव्या कानाला एकच होतं. मी कार्ड पाहिलं, वही पाहिली, पुन्हा कान पाहिला. मग आठ नंबर उघडला, मग अकरा. पाच पिंजऱ्यांतल्या माद्या भलत्याच निघाल्या.

हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजचं प्राणीगृह. मी तिथं पीएचडी करत होते आणि माझं काम नर उंदरांवर होतं. नराला नर बनवणारं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. त्याचा एक तुकडा गळालेला असला तर पिलं होण्यावर काय परिणाम होतो, ते मी मोजत होते. असे तुटक्या वायचे नर आमच्या गाइड बाईंनी मोठ्या शहरातल्या एका संस्थेतून मागवले होते. दिसायला ते एकदम झकास. अंग तुकतुकीत, खाणं दणकून, मादीवर जाणं वेळच्या वेळी. सकाळी मादी तपासली की मिलन झाल्याची खूण, ते पांढरट घट्ट बूच, जागच्या जागी सापडायचं. पण वीस-एकवीस दिवसांनी पिंजऱ्यात बघावं तर पिलांचा पत्ता नसायचा. काहींना झालीच तर दोन-तीन, आणि त्यातही माद्या जास्त. कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं. उंदराच्या चांगल्या शुक्रजंतूचं डोकं विळ्यासारखं वाकडं आणि टोकदार असतं. यांच्यातल्या बहुतेकांचं बोथट, चेपल्यासारखं होतं.

पिंजरे साफ करायला, तूस बदलायला, दाणापाणी बघायला एक मामा होते. साठीला टेकलेले, इस्लामपूरकडचे, जन्मभर म्हशी पाळलेले. गुडघे गेल्यावर म्हशी विकून ते या हलक्या कामाला लागले होते. उंदरांवर त्यांचा जीव होता. मला तर ते लेकीसारखं बघायचे, म्हणून माझ्या रागाचा पहिला हप्ता नेहमी त्यांनाच मिळायचा. त्या दिवशीही मी त्यांना हौदापाशी गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. माझी चार महिन्यांची मेहनत कुणी पाण्यात घातली, असं विचारलं. मामांनी हात पुसले आणि कसलाही आडपडदा न ठेवता कबूल केलं. पिलं होईनात म्हणून त्यांनीच माद्या बदलल्या होत्या. माझे दिवस वाया जाऊ नयेत, एवढाच हेतू. कार्डावर लिहायला हवं होतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मग नर का नाही बदलला?” मी विचारलं.

“त्यो धडधाकट हाय की. आवं म्याडम, म्हस गाभण ऱ्हाईना झाली तर आमी म्हशीलाच बाजार दावतो. रेड्याला कोण बाजार दावतंय?”

काढलेल्या माद्यांचं काय केलं, असं मी विचारलं. त्या त्यांनी पलीकडच्या मांडणीवर, साध्या नरांच्या पिंजऱ्यांत सोडल्या होत्या. तिथं समद्या व्याल्या, मामा कौतुकानं सांगू लागले, एकीला तर नऊ झाली. सांगता सांगता ते मध्येच थांबले. त्यांनी सात नंबरकडं पाहिलं. आत तो नर दाण्याच्या जाळीला लोंबकळून मजेत कुरतडत होता.

“म्हंजे ह्येच्यातच कमी हाय व्हय?” मामा म्हणाले.

बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे पाचही पिंजऱ्यांच्या नोंदी आडव्या रेघेनं खोडल्या. त्या माद्या दुसरीकडं व्याल्या हा खरं तर चांगला पुरावा होता, पण कुठली मादी कधी हलवली याची नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे आपल्या दृष्टीनं ते घडलेलंच नाही, असं त्या म्हणाल्या. पुन्हा पहिल्यापासून मांड. मी मान हलवली आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन रडले. बाईंना वाटलं, चार महिने गेले म्हणून रडते आहे. त्या चार महिन्यांचं मला काहीच वाटत नव्हतं. मला रविवारची भीती वाटत होती.

रविवारी आमच्या गावी, घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बैठक होती. माझा मोठा भाऊ फौजेत हवालदार, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. वहिनी कऱ्हाडला लागूनच असलेल्या मलकापूरची. या सहा वर्षांत तिनं काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय. शेजारी बारसं असलं की आई तिला रानात काहीतरी काम काढून पाठवायची. बाळंतिणीपुढं ती नको म्हणून. आता आईनं आणि आण्णांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, ठरवलं होतं की काडीमोड घ्यायची. सरकारी नोकरीत दुसरी बायको चालत नाही, म्हणून आधी पहिलीला रीतसर मोकळं करायचं आणि मग दादासाठी दुसरी मुलगी बघायची. वकिलाकडे कागद तयार होत होते. दादाची सुट्टी संपायच्या आत दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या.

आणि या सगळ्यात मी काय केलं होतं, तेही सांगते. वहिनीला डॉक्टरकडे नेणारी मीच. घरात शिकलेली मी एकटी, त्यात माझं शिक्षण याच विषयातलं, म्हणून फाईल माझ्या ताब्यात. आधी इस्लामपूर, मग सांगली, मग कऱ्हाड. तिची सोनोग्राफी झाली, रक्त झालं, नळ्या बघून झाल्या. कशात काही निघालं नाही. तिन्ही ठिकाणी डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत एकच विचारलं, मिस्टरांची तपासणी केली का? तिन्ही ठिकाणी मी म्हणाले, ते ड्यूटीवर असतात. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, मी तो कागद फाईलमध्ये सगळ्यात खाली घातला आणि घरी येऊन सांगितलं की औषध दिलंय, बघू. आबा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा दादा बारावी झाला होता. कॉलेज सोडून तो भरती झाला, म्हणून मी शिकले. त्याला असली तपासणी करून घे म्हणून सांगायची माझी जीभच उचलत नव्हती. रोज उठून नर उंदरांचं बीज तपासणारी मी, घरच्या बाबतीत मामांपेक्षा तसूभरही शहाणी नव्हते. मामांना निदान आपण काय करतोय ते ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारची एसटी पकडून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा विहिरीवर मोटर चालू करायला निघाला, तेव्हा मागोमाग गेले. बांधावर त्याला थांबवलं आणि एका दमात सांगून टाकलं की वहिनीत काही दोष नाही, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, आता तुझी तपासणी व्हायला पाहिजे, सांगलीत होते, कुणाला कळणार नाही. त्याला आधी मी काय म्हणते तेच कळलं नाही. कळलं तसा त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

“दरसाल फौजेच्या मेडिकलला शेप वन, एकदम फिट येतोय मी. धा किलोमीटर पळतोय. आन् तू मला सांगतीस तपासणी कर?”

मी म्हणाले, पळण्याचा आणि याचा संबंध नाही. माझ्याकडचे नरही पळतात, खातात, मिलन करतात. हे बोलायला नको होतं. तो एकदम माझ्या अंगावर आला आणि उंदरांवरनं माझी पारख करतीस का म्हणून ओरडला. एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी वावगा शब्द वापरला नव्हता. नंतर तो पाण्यात पाय सोडून बसला आणि बैठकीत मी एक शब्द बोलणार नाही, म्हणाला. मग मी बोललेलं त्याला चालेल की नाही, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

अकराच्या सुमारास मलकापूरहून वहिनीचे वडील आणि थोरला भाऊ आले. पुरुषमाणसं सोप्यात घोंगड्यावर बसली. आई, वहिनी आणि मी आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. आमच्याकडं असल्या बैठकीत बायका दिसायच्या नसतात, पण प्रत्येक शब्द ऐकू येईल अशाच बसतात. वहिनीनं चहा गाळला, कप मोजले आणि ट्रे माझ्या हातात दिला. तिचे हात अगदी स्थिर होते. तो घेऊन मी सोप्यात गेले.

आण्णांनी सुरुवात फार गोड केली. पोरगी गुणाची, कामाची, तिच्याबद्दल एक अक्षर वाईट नाही. पण वंशाचा प्रश्न आहे, तुम्हीही समजून घ्या, दोन्हीकडचं मन राखून मोकळं होऊ. वहिनीचे वडील खाली बघून ऐकत होते. त्यांनी एकदाच विचारलं, डाक्टर काय म्हणत्यात? आण्णा म्हणाले, तीन डाक्टर झाले, गुण न्हाई. दादा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचं लक्ष बाहेरच्या ट्रॅक्टरकडं होतं. वहिनीच्या वडिलांनी खिशातून पेन काढलं. कागद अजून आलाही नव्हता आणि त्या माणसानं पेन काढून हातात धरलं होतं. ते बघून मला राहवलं नाही.

मी कप वाटता वाटता उभी राहिले आणि म्हणाले, डॉक्टरांनी गुण नाही असं म्हटलेलं नाही. वहिनीत दोष नाही, असं म्हटलंय. आता कऱ्हाडच्या डॉक्टरांनी दादाची तपासणी सांगितली आहे. ती झाल्याशिवाय कुणी कशावर सही करायची नाही. आईनं आतून माझं नाव घेऊन दबक्या आवाजात हाक मारली. आण्णांनी मला शिकून फाजील झाल्याचं सांगितलं, तेही शांतपणे. त्यांच्या सात पिढ्यांत पुरुषाच्या अंगी असं काही निघालेलं नव्हतं. दादा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

वहिनीचे वडील लेकीला बरोबर घेऊन गेले. निकाल लागेपर्यंत राहू दे आमच्याकडं, एवढंच म्हणाले. वहिनी दोन साड्या पिशवीत घालून बाहेर पडली. माझ्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली आणि वडिलांमागं निघून गेली. तिला माझे आभार मानायचे असतील, असं मला वाटलं. बैठकीत मी एक गोष्ट सोयीनं फिरवली होती. ‘आता सांगितलंय’ म्हणाले होते, जणू काही तपासणीची गोष्ट कालपरवाच निघाली. ती कुणाच्या लक्षात आली नाही, याचं मला बरंही वाटलं होतं.

मंगळवारी मी नव्या जोड्यांची कार्डं लिहीत होते तेव्हा दादाचा फोन आला. तो विश्रामबागेच्या चौकात उभा होता. मी गेले तर तोंडाला रुमाल बांधून, ओळखीचं कुणी दिसेल या धास्तीनं पाठ करून उभा. आम्ही चौकातल्या तपासणीच्या लॅबमध्ये गेलो. त्यानं आत जाताना मोबाइल माझ्या हातात दिला, सीमेवर जाताना जमा करतात तसा. दोन तासांनी रिपोर्ट मिळाला. शुक्रजंतू शून्य. एकही नाही. मी तो कागद वाचला, मग त्यानं वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी वेगळं सांगेन म्हणून. डॉक्टर म्हणाले, एका नमुन्यावर ठरवत नाहीत. काही दिवसांनी दुसरा दिला, तोही शून्य. मग रक्त घेतलं आणि बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं.

तो निकाल यायला लागलेले दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. तिकडे आण्णा दादाच्या मागं लागले होते. सुट्टी संपत आली, वकील रोज फोन करतोय, तू फक्त सही कर, बाकीचं आम्ही बघतो. दादा दिवसभर रानात असायचा. आई माझ्याशी बोलत नव्हती. मी प्राणीगृहात जाऊन मुकाट्यानं बुचं तपासायची आणि दर तासाला मेल उघडून बघायची. मामा माझ्याभोवती घुटमळायचे. आता मी ईचारल्याशिवाय एक उंदीर हलवत न्हाई, असं दिवसातून दोनदा सांगायचे. मी त्यांच्यावर एकदाही चिडले नाही, तेव्हा त्यांनी माझी तब्येत बरी नाही का, असं विचारलं.

निकालात वाय गुणसूत्राचा एक तुकडा नव्हता. असल्या रिपोर्टमध्ये एकेका जागेपुढं आहे की नाही ते लिहितात. दादाच्या कागदावर तीन-चार जागांपुढं ‘नाही’ होतं. मी प्रयोगशाळेत असले निकाल शेकड्यांनी वाचले असतील. हा मी बोट ठेवून तीनदा वाचला. डॉक्टरांनी दादाला समजावून सांगितलं की हे बहुतेक वेळा बापाकडून आलेलं नसतं, बीज तयार होतानाच तेवढा भाग गळून जातो. यात कुणाची चूक नाही, मर्दपणाशी याचा संबंध नाही. कधीकधी छोट्या शस्त्रक्रियेनं आतून एखाददुसरा शुक्रजंतू मिळतो आणि त्यावरून मूल होऊ शकतं. पण मुलगा झाला तर हीच उणीव त्याच्याकडे जाईल, मुलगी झाली तर जाणार नाही. मूल दत्तकही घेता येतं. कशाचीच घाई नाही, दोघांनी मिळून या.

बाहेर आल्यावर दादा बराच वेळ पायरीवर उभा राहिला.

“म्हंजे मी तुझ्या पिंजऱ्यातला,” तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेन. तो सोडवून न घेता तसाच उभा राहिला. मग म्हणाला, आण्णांना मी सांगतो, तू नको. संध्याकाळी त्यानं खरंच सांगितलं. आण्णांनी कागद चुकला असेल म्हणून पाहिलं, आई देवघरात जाऊन बसली, पण काडीमोडीचा विषय तिथंच मिटला. दुसऱ्या दिवशी दादानं मित्राची गाडी मागून आणली आणि मला बरोबर चल म्हणाला. मीही मोठ्या उत्साहात निघाले. फाईल नीट लावली, दादाचे कागद सगळ्यात वर ठेवले. खरं सांगायचं तर वाटेत मला माझा थोडा अभिमानही वाटत होता.

वहिनीच्या माहेरचं घर हायवेला लागून आहे. पुढच्या खोलीत ट्रकचा आवाज येत होता म्हणून तिनं आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. दादानं वाटेत खूप तयारी केली होती, पण तिच्यासमोर त्याला एवढंच म्हणता आलं की दोष माझ्यात निघाला, तुझ्यात काहीच नव्हतं. मग तो रडायला लागला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं ती त्याला म्हणाली, तुमी रडू नका. तिनं त्याला पुन्हा पाणी दिलं आणि तो ते पिईपर्यंत समोर उभी राहिली. मग माझ्याकडं वळली.

“वन्सं, बैठकीत तुमी म्हणालात, डाक्टरनी आता सांगितलंय.”

मी हो म्हणाले.

“इस्लामपुरात ईचारलं तवा मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत हुते. कऱ्हाडात बी हुते. आन् सांगलीत ईचारलं, तवा ह्ये खाली गाडीपाशी हुबं हुते. सुट्टीवर हुते. तुमी म्हणालात, ड्यूटीवर हायेत.”

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्याला हे पहिल्यांदा कळत होतं. सांगलीला त्यानंच आम्हाला सोडलं होतं आणि तासभर उन्हात थांबून वहिनीसाठी शहाळं घेऊन ठेवलं होतं. जिना उतरून गेले असते तरी झालं असतं.

मी तिला विचारलं, मग तू त्याच वेळी का बोलली नाहीस? विचारता विचारताच मला त्या प्रश्नाची लाज वाटली.

“माझं कोण ऐकणार हुतं? तुमी शिकल्याल्या. मला वाटायचं, आज बोलतील, घरी गेल्यावर बोलतील. दोन वर्सं वाट बघितली मी.”

माझं चुकलं, मी म्हणाले. ती व्हय म्हणाली. तिनं मला दोष दिला नाही की माफही केलं नाही. आत जाऊन पिशवी भरली, आईवडिलांच्या पाया पडली आणि बाहेर आली. सांगलीच्या डॉक्टरकडं आता आपुन दोघंच जाऊ, असं ती दादाला म्हणाली. मग माझ्यापुढं हात केला. तिला काय हवंय ते कळायला मला थोडा वेळ लागला. मी फाईल तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली, सगळ्यात खालचे तीन कागद बाहेर काढले आणि वर लावले.

गाडीत ती पुढं बसली, मी मागं. थोड्याच वेळात कऱ्हाड स्टँड आलं. मला सांगलीची एसटी धरायची होती, म्हणून दादानं गाडी बाजूला घेतली. उतरून मी तिच्या खिडकीपाशी गेले आणि येते म्हणाले.

“या,” ती म्हणाली आणि काच वर केली.